भाटेबंदर ते चौक : आपल्या शेजारच्या किनाऱ्याचा अभ्यास

मीरा-भाईंदर म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? लोकलची गर्दी, उंच टॉवर्स, स्टेशनबाहेरच्या रिक्षा. बाहेरगावाहून आलेल्या हॉस्टेलाइट्सना तर आपल्याच महापालिकेच्या हद्दीत समुद्रकिनारा आहे हे पहिली दोन वर्षं माहीतही नसतं! भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली की शहर मागे पडतं, मिठागरं लागतात, मग राई, मुर्धे, मोर्वा अशी गावं, मग टेकडी, आणि टेकडीपलीकडे अरबी समुद्र.

या किनाऱ्याला लोक "अनएक्सप्लोर्ड बीच", "व्हर्जिन बीच" असं काहीबाही म्हणतात. मी टीई सिव्हिलची विद्यार्थिनी. मला प्रश्न पडला की मुंबईच्या इतक्या जवळ असूनही हा किनारा असा कसा राहिला? छोटी छोटी वळणं आणि मध्येच खडक, हा त्याचा आकार कसा आला? तिथे जाताना काय समजून जावं? आणि उद्या आपल्यापैकीच कुणाला तिथे काही बांधायला सांगितलं, तर काय विचार करावा? या चार प्रश्नांचा हा अभ्यास. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझे शब्द अधूनमधून इंग्रजीकडे घसरतील, तेवढं सांभाळून घ्या.

१) आधी नकाशा

उत्तन ज्या भूभागावर आहे त्याचं जुनं नाव धारावी बेट. (दादर-सायनजवळची धारावी वेगळी, ही वेगळी!) उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला आणि पूर्वेला मनोरीची खाडी आणि तिच्या कांदळवनांचा पट्टा. तारोडी गावात धारावी देवीचं मंदिर आहे. चौक, पाली, उत्तन, डोंगरी, तारोडी ही गावं मीरा-भाईंदर महापालिकेत येतात. त्याच बेटावरची गोराई, मनोरी आणि कुळवेम ही गावं मात्र मुंबई महापालिकेत. बेट एक, महापालिका दोन!

गोराईचा किनारा लांब, सरळ आणि मोकळा आहे. उत्तनकडे आलो की चित्र बदलतं. इथे खडकाचा एखादा सुळका समुद्रात घुसतो, मग थोडी वाळू, पुन्हा खडक. शाळेच्या भूगोलात आपण "भूशिर" आणि "पुळण" हे शब्द घोकले होते ना, ते इथे समोर दिसतात. दोन भूशिरांच्या मध्ये अडकलेल्या अशा छोट्या पुळणीला इंजिनिअरिंगच्या पुस्तकात "पॉकेट बीच" म्हणतात. खिशात ठेवल्यासारखी वाळू!

गावातले लोक मात्र यांना बीच म्हणत नाहीत, "बंदर" म्हणतात. भाटेबंदर, पातान बंदर. हा फरक साधा नाही. आपल्याला जी जागा रिकामी आणि निवांत वाटते, ती गावाच्या लेखी होडी लावण्याची, जाळं दुरुस्त करण्याची, मासळी सुकवण्याची जागा आहे. आपण ज्याला "अविकसित" म्हणतो तो खरं तर एक चालू कारखाना आहे, फक्त त्याला भिंत आणि गेट नाही.

२) हा आकार आला कुठून?

महाराष्ट्राचा बहुतेक खडक बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण. दख्खनच्या ज्वालामुखींतून तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास बाहेर पडला. पण मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर थोडी वेगळी मंडळी भेटतात. डोंगरी-उत्तन भागात रायोलाइट, तर मनोरी-गोराईकडे ट्रॅकाइट. हे खडक बेसॉल्टपेक्षा फिकट रंगाचे, सिलिका जास्त असलेले. मनोरीच्या ट्रॅकाइटचं वय २००१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सुमारे सहा कोटी वर्षं निघालं. म्हणजे दख्खनचा मुख्य उद्रेक संपल्यावरही इथे ज्वालामुखीचं काम थोडं चालूच होतं.

सगळा खडक सारख्या वेगाने झिजत नाही. जिथे तो कठीण आणि कमी भेगांचा, तिथे तो टिकला आणि भूशिर झाला. जिथे भेगा जास्त, तिथे लाटांनी आत खणलं आणि बाव तयार झाली.

आता लाटांचं बघू. उथळ पाण्यात लाटेचा वेग फक्त खोलीवर अवलंबून असतो. गुरुत्व त्वरणाला खोलीने गुणा आणि वर्गमूळ काढा. खोली ९ मीटर असेल तर वेग सेकंदाला सुमारे ९.४ मीटर. ४ मीटर खोलीला ६.३ मीटर. १ मीटर खोलीला जेमतेम ३.१ मीटर. म्हणजे पाणी उथळ झालं की लाट हळू होते.

भूशिरासमोर पाणी आधी उथळ होतं, बावेच्या मध्यभागी उशिरा. त्यामुळे सरळ रेषेत आलेल्या लाटेचा भूशिरासमोरचा भाग मागे पडतो, मधला पुढे जातो आणि लाट वाकते. परेड करताना रांग वळते तेव्हा आतल्या बाजूचे हळू चालतात आणि बाहेरचे भराभर, अगदी तसं. परिणाम काय? लाटेची शक्ती भूशिरांवर एकवटते आणि बावेत पसरून पातळ होते. म्हणून खडकावर पाणी आपटत असतं त्याच वेळी पन्नास पावलांवरच्या वाळूवर लाट शांतपणे पसरते. कोळ्यांनी होड्या नेमक्या तिथेच लावल्या यात नवल नाही. त्यांना रिफ्रॅक्शन हा शब्द लागला नाही, शक्ती कुठे कमी आहे ते मात्र बरोबर कळलं.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मोकळ्या किनाऱ्यावर वाळू किनाऱ्यालगत सरकत राहते. एकीकडून जाते, दुसरीकडून येते. खिशातल्या पुळणीला दोन्ही बाजूंनी खडकाची भिंत असते. बाहेरून फारशी वाळू येत नाही. पावसाळ्यात मोठ्या लाटा वाळू ओढून थोडी आत समुद्रात नेतात आणि तिथे तिचा उंचवटा करतात. दिवाळीनंतर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. बँकेत खातं एकच, पैसे तेच. जूनमध्ये काढायचे आणि हिवाळ्यात भरायचे. नवीन कमाई जवळजवळ नाही.

३) तिथीचं गणित

आता या लेखातला सगळ्यात उपयोगाचा भाग. हॉस्टेलच्या मुलामुलींनी हा दोनदा वाचावा.

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटीतला फरक सर्वात जास्त असतो, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास फरक कमी, त्याला भांग म्हणतात. मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी साडेचार-पावणेपाच मीटरपर्यंत चढ-उतार करू शकते. भांगाच्या दिवसांत हाच फरक दीड-दोन मीटरच्या घरात येतो. साडेचार मीटर म्हणजे दीड मजला!

कोकणात भरतीची वेळ काढायचा एक सोपा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. तिथीला पाऊण तासाने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. भरती साधारण तीन वाजता, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा वाजता. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण अंदाजाला पुरतो.

हे का जमतं? चंद्र रोज आधीच्या दिवसापेक्षा सरासरी पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो आणि भरती त्याच्यामागून सरकते. तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातल्या कोनाचं माप. म्हणजे पंचांग हे एका अर्थाने टाइड टेबलच झालं! भाटेबंदरला जाळं विणत बसलेल्या एका काकांना मी भरतीची वेळ विचारली आणि मोबाइल काढला. ते म्हणाले, "पोरी, घड्याळ नंतर बघ, आधी आज तिथी कोणती ते सांग." आणि मी कॅलेंडर उघडेपर्यंत त्यांनी वेळ सांगूनही टाकली.

आता पाणी किती वेगाने चढतं ते पाहू. नौकानयनात "बाराव्या भागाचा नियम" वापरतात. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सहा तास धरा. एकूण चढाच्या बारा भागांपैकी पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे सुरुवातीला पाणी जागचं हललंच नाही असं वाटतं, आणि मग मधल्या दोन तासांत निम्मा चढ होऊन जातो.

एक उदाहरण सोडवू. समजा उधाणाचा दिवस आहे, एकूण फरक ४.८ मीटर आणि पुळणीचा उतार तीसास एक.

पहिला तास : चढ ०.४ मीटर, पाणी आत येतं १२ मीटर
दुसरा तास : चढ ०.८ मीटर, २४ मीटर
तिसरा तास : चढ १.२ मीटर, ३६ मीटर
चौथा तास : चढ १.२ मीटर, ३६ मीटर
पाचवा तास : चढ ०.८ मीटर, २४ मीटर
सहावा तास : चढ ०.४ मीटर, १२ मीटर

एकूण १४४ मीटर. तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी मिनिटाला ६० सेंटिमीटर आत येतं. सपाट वाळूवर चालणाऱ्या माणसाला यात काहीच धोका नाही, चार पावलं मागे सरकायचं. धोका आहे तो खडकावर बसलेल्याला. भूशिराच्या टोकाचा खडक उंच असतो, पण तिथे जायची वाट बहुतेक वेळा मधल्या खोलगट भागातून जाते. ओहोटीला ती कोरडी असते. पाणी समोरून येताना आपण बघत राहतो आणि आपल्या पाठीमागची वाट आधी बुडते!

आता हे दोन हिशेब एकत्र करा. हॉस्टेलमधला सगळ्यात लोकप्रिय बेत कोणता? पौर्णिमेला चांदण्यात समुद्रावर जायचं. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचला. लेक्चर संपवून आपण साडेपाच-सहाला पोहोचतो. किनारा चांगलाच रुंद झालेला असतो, एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडलेले असतात, आपण खूश. साडेसहापर्यंत पाणी जेमतेम चढतं. मग अंधार पडतो, आणि साडेसात ते साडेनऊ या वेळात, जेव्हा काही दिसत नाही आणि गाणी रंगात आलेली असतात, तेव्हा पाणी सगळ्यात जोरात चढतं. म्हणजे आपल्याला जी वेळ सर्वात सुरक्षित वाटते, ती खडकांवर बसायला सर्वात वाईट. हे गणित दोन ओळींचं आहे, पण ते करून निघालेला एकही ग्रुप मी अजून पाहिलेला नाही.

भांगाच्या दिवशी याच पुळणीवर १.८ मीटर फरक धरला तर तिसऱ्या तासात पाणी फक्त साडेतेरा मीटर आत येतं. म्हणून खडक बघायला, शंख-शिंपले, खेकडे बघायला अष्टमीच्या आसपासची दुपार बरी. तेव्हा ओहोटी बारा-सव्वाबाराला असते.

अजून दोन गोष्टी. एक, खडकाला लागून अनेकदा पाणी बाहेर ओढणारा प्रवाह असतो. बावेत लाटांनी आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि ती खडकालगत मिळते. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे सरळ पोहून दमू नका. प्रवाहाला आडवं, म्हणजे किनाऱ्याला समांतर आणि खडकापासून दूर पोहा, मग किनाऱ्याकडे वळा. दोन, जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचंच नाही. या दिवसांत कोळीही होड्या वर ओढून शाकारून ठेवतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीच असते. ज्यांचा जन्म समुद्रावर गेला ते जात नाहीत, तर आपण कोण? अडचण आलीच तर ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर मोबाइलमध्ये आधीच टाकून ठेवा.

४) मासळी आणि प्रवाह

उधाण-भांगाचा हिशेब कोळ्यांच्या पोटापाण्याशी बांधलेला आहे. या भागातली परंपरागत मासेमारी डोलजाळ्याची. डोलजाळं म्हणजे शंकूच्या आकाराची लांबलचक पिशवी. समुद्रात रोवलेल्या खांबांना, म्हणजे कवींना, तिचं तोंड बांधतात आणि ते प्रवाहाच्या दिशेला उघडं ठेवतात. होडी जाळं ओढत नाही. भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळी जाळ्यात भरतो. प्रवाह उलटला की जाळं काढून घ्यायचं. इंजिन जाळ्यापर्यंत जायला-यायला. मासळी पकडण्याचं काम चंद्राचं!

म्हणून उधाणाला प्रवाह जोरात, मासळी जास्त. भांगाला काम थंड. बोंबील, जवळा, मांदेली ही या जाळ्याची मासळी. त्यातले बोंबील पुळणीवर बांबूच्या वलांडीवर, म्हणजे बांबू आणि दोऱ्या बांधून केलेल्या उंच मांडणीवर, तोंडात तोंड अडकवून सुकत घालतात. ऊन, वारा आणि मोकळी जागा, एवढीच यंत्रसामग्री. यात बायकांचं काम फार मोठं आहे. मासळी निवडणं, सुकवणं आणि विकणं त्यांच्याच हातात असतं. आपण सेल्फी काढायला ज्या वलांडीखाली उभे राहतो ती कुणाची तरी महिन्याची कमाई असते.

गावात ख्रिस्ती कोळी समाज मोठा आहे. उत्तनच्या चर्चचं नावच अवर लेडी ऑफ द सी. भाटेबंदरला वेलंकनी मातेचं तीर्थमंदिर आहे. तिच्या सणाला, ८ सप्टेंबरच्या सुमारास, दूरदूरहून सर्व धर्मांचे लोक येतात. त्यावरून तिथल्या पुळणीला लोक वेलंकनी बीच म्हणू लागले. मी कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजीत शिकलेल्या प्रार्थना इथे मराठीत ऐकल्या तेव्हा गंमत वाटली आणि आपलेपणाही.

५) थोडा इतिहास

चौक हे टोक वसईच्या खाडीच्या मुखावर आहे. समोर वसईचा किल्ला. ज्याच्या ताब्यात ही टेकडी, त्याची नजर खाडीतून ये-जा करणाऱ्या प्रत्येक गलबतावर. म्हणूनच चिमाजी अप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत धारावीसाठी जबरदस्त झुंज झाली. हे ठिकाण मराठ्यांनी घेतलं, पोर्तुगीजांनी परत घेतलं आणि १७३९ साली ते मराठ्यांकडे कायमचं आलं. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. सर्व्हेइंगमध्ये आपण स्टेशन पॉइंट निवडताना "इथून किती दिसतं?" हे विचारतो ना, सेनापतींनीही तेच विचारलं होतं.

६) मग हा किनारा असा राहिला कसा?

माझ्या मते याची तीन कारणं.

पहिलं, वाट. बेटाभोवती खाड्या, कांदळवन आणि मिठागरं. रेल्वे भाईंदरवरून निघून जाते, इकडे येत नाही. बोरिवलीहून गोराईला आणि मार्वेहून मनोरीला आजही बोटीने जातात. रस्त्याने यायचं तर भाईंदरवरून मोठा वळसा.

दुसरं, कायदा. केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची अधिसूचना काढली. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत काय बांधता येईल यावर बंधन आलं. २०११ आणि २०१९ साली नव्या अधिसूचना आल्या. २०१९ च्या नियमांत दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर विकासबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आला. कांदळवनांच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली.

तिसरं आणि सगळ्यात मोठं कारण, लोक. २००० च्या दशकात गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्यात सेझ आणायचा प्रस्ताव होता. धारावी बेट बचाव समितीच्या नावाने गावकरी एकत्र आले. तो सेझ झाला नाही. त्यानंतर याच पट्ट्यात पर्यटन विकासाचा आराखडा आला, त्यावरही गावांनी हरकती घेतल्या. म्हणजे हा किनारा कुणाच्या लक्षात आला नाही म्हणून शांत राहिला, असं मुळीच नाही. तो शांत ठेवला गेला आहे.

जगातही असंच दिसतं. भूमध्य समुद्रात सायप्रस बेटावर लारा नावाची बाव आहे. तिथे समुद्री कासवं अंडी घालतात. १९७८ पासून तिथे घरट्यांचं संरक्षण चालू आहे आणि खुर्च्या-छत्र्या मांडायला, वाळूत गाड्या न्यायला मनाई आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली. तिथे पाहुणे गावकऱ्यांच्या घरी राहतात, रिसॉर्टमध्ये नाही. किनारा मोकळा राहतो आणि गावाला पैसाही मिळतो. दोन्ही ठिकाणी निसर्ग आपोआप वाचला नाही. कुणीतरी नियम केला आणि तो रोज पाळला.

७) आता पुढे काय?

उत्तनचा धावगी डोंगर महापालिकेच्या घनकचरा प्रकल्पामुळे बातम्यांत असतो. तिथल्या आगी आणि दुर्गंधीविरुद्ध गावकरी वर्षानुवर्षं तक्रारी करत आहेत. म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या मेसमधलं उरलेलं आणि आपण फेकलेली पाण्याची बाटली याच डोंगराकडे जाणाऱ्या साखळीत आहे. डोंगरीच्या टेकडीवर मेट्रोच्या कारशेडसाठी हजारो झाडं तोडण्याच्या प्रस्तावाला २०२५ साली मोठा विरोध झाला. उत्तनहून विरारपर्यंत सागरी सेतूची योजना आहे, आणि मच्छीमारांनी तिलाही हरकत घेतली आहे. भाईंदर ते वसई रो-रो बोट तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालीच.

इथे मला दोन्ही बाजू दिसतात. मेट्रो आली तर मीच वापरणार. उद्या कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या असलीच कामं करणाऱ्या असतील आणि ऑफर लेटर मिळालं तर मला आनंदच होईल. गावालाही फक्त शांतता नको आहे. त्यांना चांगली जेट्टी हवी, बर्फ हवा, पाणी हवं, आणि पावसाळ्यात लाटा घरात येऊ नयेत म्हणून धूप प्रतिबंधक बंधारा हवा. "किनारा जसा आहे तसाच ठेवा" हे शहरातून एक दिवसासाठी येणाऱ्याला म्हणणं सोपं आहे. ज्याच्या उंबऱ्याशी लाट येते त्याला हे सांगायला गेलात तर तो म्हणेल, या, एक जुलै माझ्याकडे राहा.

पण बंधारा कसा आणि कुठे, हा प्रश्न इंजिनिअरचा आहे. मघाचं बँकेचं खातं आठवा. पावसाळ्यात पुळण जितकी मागे सरकते त्या जागेतच उभी भिंत घातली, तर लाट भिंतीवर आपटून परतते आणि पायथ्याची वाळू उकरून नेते. घर वाचतं, पुळण जाते. पुळण गेली की होडी कुठे लावणार आणि बोंबील कुठे सुकवणार? खिशातल्या पुळणीला बाहेरून वाळू येत नाही, म्हणून इथे ही चूक भरून निघायला फार कठीण. त्याऐवजी दगडांचा उतरता बंधारा, तोही जितका मागे घेता येईल तितका. किंवा लाटेची शक्ती आधीच कमी करणारा पाण्याखालचा बांध. किंवा बाहेरून वाळू आणून टाकणं, असे पर्याय असतात. कर्नाटकात मंगळूरजवळ उल्लाळच्या किनाऱ्यावर समुद्रात असे कृत्रिम रीफ बांधले गेले आहेत. प्रत्येक पर्यायाची किंमत वेगळी आणि प्रत्येक बावेचं उत्तर वेगळं. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासून काम करणारी केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा आहे. तिथे बंदरांची लहान मॉडेल्स करून, त्यांत लाटा सोडून आधी तपासतात. कागदावर बंधारा काढणं दोन तासांचं काम आहे, लाटेला विचारणं महिन्यांचं.

सिव्हिलवाल्यांसाठी माझी एक सूचना आहे. आपल्याला दरवर्षी मिनी प्रोजेक्ट करायचाच असतो. कुणाचा तरी जुना रिपोर्ट कॉपी करण्यापेक्षा उत्तनच्या एका पुळणीचा उतार दर महिन्याला एकदा मोजू या. ऑटो लेव्हल, स्टाफ, टेप, एवढंच लागतं. जागा ठरलेली, बेंचमार्क ठरलेला. वर्षभर मोजलं की पावसाळ्यात वाळू किती जाते आणि मार्चपर्यंत किती परत येते याचा आलेख मिळेल. पुढच्या बॅचने तो पुढे न्यायचा. पाच वर्षांनी गावात बंधाऱ्याची चर्चा झाली तर गावकऱ्यांच्या हातात आकडे असतील, आणि ते आपल्या कॉलेजने दिलेले असतील. कॉम्प्युटरवाल्यांनी तिथीवरून भरती आणि धोक्याचे दोन तास सांगणारा छोटा प्रोग्रॅम लिहावा आणि तक्ता हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावावा. वॉर्डन सरांना रात्रीच्या आउटपासपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल!

आणि नुसतं फिरायला जाणाऱ्यांसाठी शेवटी चार गोष्टी, नोटीस बोर्डाच्या भाषेत :

(अ) निघण्याआधी तिथी बघा, तिला पाऊण तासाने गुणा. ओहोटीनंतरचा तिसरा आणि चौथा तास खडकावर काढू नका.
(आ) खडकावर चढताना समोर नाही, मागे बघा. परतीची वाट किती उंचीवर आहे ते आधी ठरवा.
(इ) वलांडी, जाळी आणि होड्या यांना हात लावू नका, त्यांवर चढून फोटो काढू नका. फोटो माणसांचा असेल तर आधी विचारा. "काकू, काढू का?" एवढंच पुरतं, आणि बहुतेक वेळा हो म्हणतात.
(ई) नेलेला कचरा परत हॉस्टेलला आणा. तिथे टाकला तर तो समुद्रात जातो आणि डोलजाळ्यात बोंबलांबरोबर परत वर येतो, निवडत बसतात त्या बायका.

पौर्णिमेचा बेत रद्द करा असं मी म्हणत नाही. सात वाजता खडकावरून उतरा आणि वर टेकडीवर, दीपगृहाच्या बाजूला जाऊन बसा. तिथून चढतं पाणीही दिसतं आणि चंद्रही.